मेहुणीच्या लग्नाची डिस्क

तांता, इजिप्त, ३ फेब्रुवारी २००६, शुक्रवार

माजदाच्या लग्नाची टेप माझ्याकडे. कॅमेरा माझा, कॉम्प्युटर माझा, डीव्हीडी रायटर नवाकोरा. तेव्हा डिस्क मीच करणार. इन्साफ म्हणाली, अहो, टेप हिल्मीला देऊन टाका की, त्याला जमतं ते. बायकोनं नवऱ्याला असं बोलावं!

हिल्मी माझा साडू. चार वर्षं कुवेतला काय राहिला, सासरी त्याचंच कौतुक. सासूबाई त्याच्या ताटात दोन भरली कबुतरं वाढतात, माझ्या ताटात एक. सासरे हयात नाहीत, तेव्हा लग्नात माजदाच्या वतीनं काजीसमोर बसून नवऱ्या मुलाचा हात हाती घेण्याचा मान थोरल्या जावयाचा. थोरला जावई मी. बसला हिल्मी. मला म्हणाले, फहमी, तुझ्यासारखं शूटिंग कुणाला येतं बाबा?

संकल्प: २१ मार्चला मातृदिन. त्या दिवशी सासूबाईंना डिस्क भेट. दर शुक्रवारी जेवायला जातोच, तेव्हा तिथल्या टीव्हीवर चाचणी घ्यायची.

९ फेब्रुवारी

बिट रेट सगळ्यात वरचा ठेवला. सेकंदाला जितकी जास्त माहिती, तितकं चित्र सुरेख. कॉम्प्युटर दिवसभर गिरणीसारखा घरघरत होता. हिल्मीसारखी काटकसर मला जमत नाही.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

नवरी एक पाऊल टाकते आणि थांबते. पुन्हा एक पाऊल, पुन्हा थांबते. सासूबाई म्हणाल्या, पोरीला लग्न करायचंच नव्हतं की काय! सगळे हसले. हिल्मी जरा कमी हसला, म्हणजे मनातून जास्त.

डिस्क उत्तम आहे. सासूबाईंचा प्लेअर जुना, त्याला एवढी माहिती झेपत नाही. प्लेअर कुवेतहून कुणी आणला होता? हिल्मीनं. अधिक लिहीत नाही.

१४ फेब्रुवारी

बिट रेट तळाला नेला. आता अडखळत नाही. फक्त माजदाच्या टिकल्यांच्या झग्याचे चौकोन दिसतात. इन्साफ म्हणाली, न्हाणीघराच्या फरश्या नेसलीय वाटतं.

बिट रेट मधोमध. हा माझा स्वतःचा शोध.

१७ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रोग्रॅममध्ये टीव्हीच्या दोन पद्धती होत्या, एक आपल्याकडची, एक अमेरिकेची. अमेरिकेची घेतली. उगीच कमीपणा कशाला? सासूबाईंच्या टीव्हीवर लग्न काळं-पांढरं झालं आणि खालून वर धावू लागलं.

तरी म्हातारी नेटानं बघत बसली. मध्येच म्हणाल्या, आता बघा हं, शेजारची उम्म सय्यद सरबताचा ट्रे घेऊन घसरेल. आणि उम्म सय्यद खरंच घसरली! सत्तरी उलटली, पण काय ही स्मरणशक्ती!

२४ फेब्रुवारी, शुक्रवार

आज रंग आले. पण माणसं हलली की थरथरतात. नाचात तर सगळ्या वऱ्हाडाला हुडहुडी भरलेली. हिल्मी कानाशी येऊन हळूच म्हणाला, फहमीभाई, चित्राच्या ओळींचा क्रम, म्हणजे फील्ड ऑर्डर, उलटी पडली असेल, आधी खालच्या ओळी करून बघा.

मला ते कधीच कळलं होतं. आजच संध्याकाळी बदलणार होतो. आता बदललं तर त्याचं ऐकलं असं होईल. आठवडाभर तसंच ठेवणार.

३ मार्च, शुक्रवार

थरथर कायम. त्यात आवाज मागे पडू लागलाय. बायका तोंडं मिटून बसतात आणि मग त्यांच्या किलकाऱ्या ऐकू येतात. सासूबाईंना जेवणानंतर डुलकी लागली. हिल्मी काही बोलला नाही. न बोलून माणसाला किती हिणवता येतं हे त्याच्याकडून शिकावं.

६ मार्च

फील्ड ऑर्डर बदलली. स्वतःच्या विचारानं. थरथर गेली. आवाजही जुळला, कसा ते माझं मलाच कळलं नाही, पण जुळवला मीच.

इन्साफ म्हणाली, तुम्ही हिल्मीवर जळता. मी! मी कशाला जळू? फक्त डिस्कभर त्याचं थोबाड बघवत नाही, एवढंच. जिथं तिथं तो. त्याच्यावर एक उपाय सुचलाय.

१० मार्च, शुक्रवार

उपाय असा केला होता: हिल्मी दिसला की चित्र मोठं करायचं, म्हणजे तो कडेला जाऊन कापला जातो. तीन दिवस खपलो.

पण निकाहाच्या वेळी नवरा मुलगा वजीह आणि हिल्मी हातात हात देऊन बसलेले, वर पांढरा रुमाल, त्यावर काजीचा हात. आता दिसतं असं, की वजीह रुमालाखालच्या एका बेवारशी हाताशी लग्न लावतोय. माजदा ओरडली, अहो भावजी, माझं लग्न लागलं कुणाशी मग?

सासूबाई खवळल्या. म्हणाल्या, इथं हिल्मी डोळे पुसतो ना, ते कुठाय? बघा, त्याचं नाटकी रडणंसुद्धा यांना पाठ!

हिल्मी एवढंच म्हणाला, हात छान आलाय माझा.

१९ मार्च

हिल्मीला परत घेतलं. सगळं तपासलं. आमच्या घरच्या प्लेअरवर अगदी लोण्यासारखी चालते. परवा बघू कुणाच्या ताटात किती कबुतरं पडतात ते.

२१ मार्च, मंगळवार

सगळे जमले होते. माझी डिस्क प्लेअरनं आत घेतली, बाहेर काढली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. पडद्यावर एकच ओळ: डिस्क नाही.

मग सासूबाई उठल्या, काचेच्या कपाटातून दुसरी डिस्क काढली आणि लावली.

गुलाबांची चौकट, मंद संगीत, माजदा हसत जिना उतरतेय. ना थरथर, ना चौकोन. हिल्मीनं केलेली. इन्साफनंच जानेवारीत, मी शाळेत शिकवायला गेलो असताना, टेप त्याला नेऊन दिली होती आणि परत आणून जागेवर ठेवली होती. सासूबाई रोज दुपारी शेजारणींना घेऊन बघतात म्हणे. मग दर शुक्रवारी माझी का बघत होतात, असं विचारलं. म्हणाल्या, तू एवढ्या हौसेनं आणायचास बाबा, तुझं मन कसं मोडू?

सुरुवातीलाच सोनेरी अक्षरांत माझं नाव होतं. चित्रीकरण: उस्ताद फहमी. हिल्मीचं नाव कुठेच नाही. शेवटपर्यंत डोळ्यांत तेल घालून बघितलं, एक चूक सापडली असती तर जीव शांत झाला असता. सापडली नाही.

निघताना, राहवेना म्हणून, त्याला जिन्यात गाठून विचारलं की बिट रेट किती ठेवला होतास. तो म्हणाला, कुणास ठाऊक भाई, प्रोग्रॅममध्ये जे होतं ते होतं, मी कशाला हातच लावला नाही.

इतका राग मला आजवर कुणाचा आला नसेल. एक प्रत मागून आणली.