खांबाला बांधलेला झोका

फरीदाबाद

प्रिय आई, इथूनच पाया पडते.

मी चालवते त्या नव्या रग्बी संघाचा पहिला सामना काल, तीजेला, म्हणजे इथल्या बायकांच्या झोक्यांच्या सणाला झाला. प्रेक्षक मिळेनात म्हणून आठवडाभर जेवण जात नव्हतं. आता जातंय.

सकाळी पाहते तर मैदानावरच्या उंच खांबांच्या आडव्या दांडीला गावातल्या बायकांनी झोके बांधलेले. संघाचे मालक, आमचे साहेब, भडकले. मी म्हटलं, सामना सुरू होईपर्यंत राहू द्या, संपला की पुन्हा बांधतील.

त्या बायका सामन्याला थांबल्या. नियम कुणालाच कळले नाहीत, पण एक आजी विचारत होती, "बेटी, कल भी खेलेंगे ये?"

उद्या नागपंचमी. गुडघा दुखत असला तर तू झोक्यावर चढू नकोस.

या संघासाठी सरकारी नोकरी सोडल्याचं बाबांना सांगशील, तेव्हा आधी या मेलसोबतचा फोटो दाखव. सामन्यानंतरचा आहे. झोक्यावर मी, आणि झोका देणारे आमचे साहेब.

तुझी,
संपदा