पिंकीचा अंगठा

भेस्तान, मंगळवार, २१ नोव्हेंबर १९९५

शेजारी नव्या आलेल्या मंजुबेननी आज मला विचारलं, "भाई, तमारी बेबी बोलती नथी?" ओट्यावर पिंकीने माझ्याकडे पाणी मागितलं ते त्यांनी पाहिलं होतं. अंगठा ओठाला लावून मागितलं.

पिंकी आणि बोलत नाही? सुनंदाला सांगितलं तर ती हसलीच. म्हणे, दिवसभर कार्टीची टकळी थांबत नाही. मग माझ्याशीच अंगठा का?

तो अंगठा आमच्या कारखान्यातला. लूमच्या खडखडाटात ओरडून उपयोग नसतो, म्हणून पाणी हवं की आम्ही तसं दाखवतो. पण पिंकी तिथे कधी आलीच नाही. मीच घरी तसं करतो का? आठवत नाही. की चार वर्षांच्या पोरीचा हा खेळ? काही कळेना.

जेवताना पिंकीचे ओठ हलले. मी सुनंदावर चिडलो, "पोरीला कुजबुजायची सवय लावू नकोस."

सुनंदाचा घास हातातच राहिला. "कुजबुजली कुठे? तुम्हालाच हाक मारली तिने. दोनदा."

पिंकीने अंगठा ओठाला लावला. मी पाणी दिलं.