पुढच्या अंकातला तासकाटा

अण्णा, पुढचा अंक सापडला. टॉवरला लटकलेल्या त्या पोराचं काय झालं ते आता मला माहीत आहे, आणि ऐकायला तुम्ही नाहीत. तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होते. आता माझी नात सातवीत आहे, यावरून काय तो उशीर समजून घ्या.

गुलमंडीतलं आपलं दुकान म्हणजे दोन कापडवाल्यांच्या मधली एक फट. एक टेबल, एक स्टूल, भिंतभर घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ निराळी. शाळा सुटली की मी तुमचा रिकामा डबा न्यायला यायची आणि बस स्टँडवरून तुम्ही आणलेलं कॉमिक उंबऱ्यावर बसून वाचायची. एकदा तुम्ही हात पुढं केलात. "बघू गं, काय एवढी घुसलीस त्यात." भिंग डोळ्यात अडकवलेलंच होतं, ते काढायचं तुमच्या ध्यानात आलं नाही. पान डोळ्याजवळ नेलंत आणि ओरडलातच, "आयला! अगं, ह्याच्या तोंडावर तोंडच नाय! नुसते ठिपके!" मग मला ओढून घेतलंत, भिंग माझ्या डोळ्याला लावलंत. मी बघतेय. गुलाबी ठिपके, पिवळे ठिपके, मधे मळकट कागद. भिंग काढलं की पोराचा गाल, लावलं की गाल गायब. आभाळ म्हणजे निळे दाणे, झाड म्हणजे निळे आणि पिवळे, हिरवा थेंब कुठंच नाही. आपण दोघं किती वेळ एकमेकांच्या हातातून ते भिंग ओढत होतो कोण जाणे. गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं तरी तुम्ही मान वर केली नाहीत.

तेव्हापासून कॉमिक आधी तुम्ही वाचायचात, मग मला द्यायचात. लाल रंग ओठांवरून घसरून हनुवटीवर छापला गेला असला की तुम्ही खूश. म्हणायचात, "लाली पुसायची राहिली बघ राजाची." आणि मग तो अंक आला. शेवटचं अख्खं पान टॉवरचं. खाली मुंगीएवढी माणसं, कबुतरं उडालेली, आणि घड्याळाच्या मिनिटकाट्याला तो पोरगा लटकलेला. गोष्टीतला चोर कोण ते अजून कळलेलं नाही, आणि खाली छापलेलं, पुढील अंकात. मी पोराकडं बघत होते, तुम्ही काट्याकडं. मिनिटकाटा सहावर, म्हणजे साडेचार. पण तासकाटा बरोब्बर चारवर! "असं कुठल्याच घड्याळात होत नाय," तुम्ही म्हणालात. "साडेचारला तासकाटा चार-पाचच्या मधी पाहिजे. पोराच्या वजनानं मोठा काटा खाली आला म्हणावं, तर बारकाबी सरकला असता, आत दोन्ही एकाच चाकाला बांधलेत. हा काटा कुणीतरी हातानं फिरवलाय. घड्याळाचा म्हातारा राखणदारच चोर हाय, लिहून ठेव." चित्रकाराचा हात चुकला असेल हे तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. इतके ठिपके जुळवणारा माणूस काटा कसा चुकेल! शेजारचे कापडवाले चाचा हसून बेजार. "उस्ताद, तस्वीर का काँटा भी ठीक करते क्या तुम?" तुम्ही चिडलात. "पुढचा अंक येऊ द्या चाचा, मंग बोलू."

तो अंक यायच्या आत तुम्ही दवाखान्यात होता. मी डबा घेऊन आले की आधी तेच विचारायचात. "आला का गं? राखणदारच हाय ना?" स्टॉलवर विचारायला मला सवड झाली नाही, आणि झाली तेव्हा दुकान दुसऱ्याचं झालं होतं. भिंग तेवढं आईनं मला दिलं.

लोक विचारतात, या वयात कॉमिक कसली गोळा करता? मी म्हणते, छपाईसाठी. खोटं नाही ते. त्या टॉवरच्या अंकाच्या निरनिराळ्या प्रती माझ्याकडं आहेत. एकीत आभाळ डावीकडं घसरलंय, एकीत पोराचा सदरा त्याच्या अंगाबाहेर गेलाय, एकीत सगळं इतकं चपखल बसलंय की बघत राहावं. तासकाटा मात्र सगळीकडं चारवर. रंग घसरतात, काळी रेघ घसरत नाही, आकडे आणि काटे एकाच ठशातून येतात. म्हणजे छापखान्याचा दोष नाही, तो काटा तिथं काढलेलाच होता. मग मुद्दाम की चुकून? एवढ्यासाठी मी पुढचा अंक शोधत राहिले.

तो निघाला सिल्लोडला, एका कापूस व्यापाऱ्याच्या घरी, पोरांच्या जुन्या वह्यांखाली. पिना गंजलेल्या, कडा बिस्किटासारख्या ठिसूळ. भर दुपारी खिडकीत बसून मी आधी शेवटचंच पान उघडलं. अण्णा, तुम्ही सपशेल चुकलात! चोर निघाला राजाचा मामा. आणि ज्याला तुम्ही चौकशीशिवाय फाशी दिलीत, त्या बिचाऱ्या राखणदारानंच दोर टाकून पोराला वर ओढलं. मी एकटीच मोठ्यानं हसले. काट्याचा तर कुठं उल्लेखच नाही.

मग पहिलं पान बघितलं. मागचं ध्यानात यावं म्हणून तोच टॉवर पुन्हा छापलाय, काडेपेटीएवढा. सवयीनं भिंग लावलं. तासकाटा चार आणि पाचच्या मधोमध! आणि चारच्या आकड्यापाशी पांढऱ्या रंगाखालून उरलेली, जुन्या काट्याची केसभर रेघ. त्या चित्रकारानं चित्र पुन्हा पुढ्यात घेतलं, चुकीचा काटा झाकला आणि बरोबर जागी नवा काढला. त्याला कोणी सांगितलं, की त्याचं त्यालाच खटकलं? पोरंटोरं वाचून फेकून देणार, त्या कागदावरच्या काडेपेटीएवढ्या चित्रात! तुम्ही इथं गुलमंडीत त्या काट्यापायी जेवण विसरलात, आणि कुठंतरी तोही ब्रश घेऊन त्याच काट्यावर वाकला होता. तुमची दोघांची ओळख नाही, भेट नाही. मला नुसतं बघतच राहावंसं वाटलं. अजून वाटतं.

हे पत्र कुठं पाठवणार मी? घडी घालून त्या अंकाच्या पिशवीतच ठेवते. जुन्या अंकाला दुसरा कागद चिकटू द्यायचा नाही, हे मीच सगळ्यांना बजावत असते, पण असू दे.

आणि एक. तुमच्यासारखं भिंग भुवईत धरायला मला अजून जमत नाही. एका हातात भिंग, दुसऱ्या हातानं पान दाबलेलं, डोळे पुसायला हात उरला नाही. टॉवरच्या खाली कागद फुगलाय. अंकाचा फोटो बाकीच्या संग्राहकांना पाठवला तेव्हा मी लिहिलं, डाग आधीपासूनचा आहे.