हजेरीतली ओ

सोमवार, ६ जानेवारी २०२५

दोन हंडे भरून झाले होते, कुकरची शेवटची शिट्टी व्हायची होती आणि मी गॅलरीत ओल्या चादरी झटकत होते, तेव्हा माझी लेक अनुजा म्हणाली की राजेशच्या गिर्यारोहण मंडळाला कार्यालय सांभाळायला माणूस हवाय. तिने माझं नाव आधीच देऊन टाकलं होतं. त्याला आठवडा झाला. आज कामावर गेले.

आमच्याच घोडपदेवच्या चाळीत तळमजल्यावरची खोली. तंबू, दोर, शिट्ट्या, कोपऱ्यात गुंडाळलेल्या मॅट. शनिवारी ही मंडळी डोंगरात जातात, रविवारी परततात. अनुजाही जाते. हे गेल्यापासून तीन वर्षं मी उंबऱ्याबाहेर फारशी पडले नव्हते. शाळा चौथीपर्यंत, पुढचं वाचन वाण्याच्या पुड्यांचे कागद सोडवून झालं. राजेशने सुरक्षेच्या नियमांची वही दिली, ती दुपारीच संपवली. एकट्याने वाट सोडायची नाही. कड्यावर फोटो नाहीत. अंधाराआधी तंबू. आणि दर तासाला हजेरी: नाव वाचलं की ओ द्यायची. हात वर केलेला धुक्यात दिसत नाही, म्हणून ओ तोंडानेच.

राजेश मला काकी म्हणतो. बरं वाटलं.

शनिवार, ११ जानेवारी

पहाटे चिंचपोकळीला गाडीपाशी मी यादी वाचली. पंधरा नावं. चौदा ओ. वायरमनचं काम करणारा भिवा आला नव्हता. यादी राजेशने हातातून घेतली आणि गाडी सुटली. भिवाचं नाव खोडायचं राहिलं.

रविवार, १२ जानेवारी

संध्याकाळी मंडळी परतली. पुन्हा यादी. भिवा म्हटल्यावर मागून ओ आली. मी खूण केली. पंधरा.

सोमवार, १३ जानेवारी

भिवाची बायको शांता नळावर भेटली. भिवा शुक्रवारपासून तापाने अंथरुणात आहे म्हणाली.

राजेशला विचारलं. त्याला वाटलं होतं, भिवा परस्पर पायथ्याशी येऊन मिळाला. वर प्रत्येक हजेरीला पंधरा ओ भरल्या होत्या. मग तो हसला. म्हणाला, पोरं चेष्टा करतात, काकी.

सोमवार, २० जानेवारी

भिवा बरा होऊन परवा सगळ्यांबरोबर गेला. काल सकाळी धुक्यात पाय घसरून घळीत पडला. कोणाला कळलंच नाही, कारण तासातासाला त्याच्या नावाला ओ येत होती. खाली गाडीत चढताना जागा रिकामी दिसली, तेव्हा शोध सुरू झाला. गावकऱ्यांनी आज पहाटे वर काढला. दोन्ही पाय मोडलेत.

इस्पितळात त्याने मला जवळ बोलावलं. तो खालून ओरडत होता. वरून राजेश त्याचं नाव घेत होता. आणि त्याची ओ वर पोचायच्या आधी, त्याच्याच आवाजात, वर कोणीतरी ओ देत होतं.

परतल्यावर शांता सगळ्या चाळीसमोर बोलली, "वाचता येतं म्हणून मिरवतेस ना? मग तो तापात होता तेव्हा एक नाव खोडता नाही आलं तुला?"

कोणी मध्ये पडलं नाही.

बुधवार, २२ जानेवारी

नळावर मी गेले की बायका कळश्या उचलतात. कार्यालयाच्या दारावर कोणीतरी खडूने पंधरा रेघा ओढल्यात.

शुक्रवार, २४ जानेवारी

दुपारी एकटीच उद्याची यादी लिहिली. सवयीने मोठ्याने वाचली. अनुजाच्या नावाला मॅटच्या मागून ओ आली.

अनुजा दादरला, ऑफिसात. लगेच फोन लावला — तिने तिथूनच उचलला.

पुन्हा वाचलं. यादीत नसलेलं भिवाचंही — काही नाही. अनुजा — ओ. तिचाच आवाज, जरा कंटाळलेला. म्हणजे एकाच वेळी एकच नाव धरतं. नवं मिळालं की जुनं सोडतं.

संध्याकाळी

अनुजाला सगळं सांगितलं. जाऊ नको म्हटलं. ती बॅग भरत होती.

"आई, शांतावहिनी बोलली ते मनाला लावून घेतलंयस तू. भिवादादाची जागा धरायला माणूस नाही. मी जाणार."

उद्या ती पडली तर — कोणी शोधायचं नाही. ओ येतच राहणार.

दुसरं नाव द्यायला हवं. पण कोणाचं? ज्याचं देईन तो —

जो कधी हरवू शकत नाही, असा माणूस हवा.

शनिवार, २५ जानेवारी

आज काय केलं ते लिहिते.

उजाडायच्या आत कार्यालय उघडलं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती हे गेले तेव्हा. एवढ्या वर्षांत उखाण्याशिवाय यांचं नाव कधी तोंडातून काढलं नाही. यादीत शेवटी पंधरावं लिहिलं. मोठ्याने वाचलं.

कुशाबा.

ओ आली. यांचीच. घसा खाकरून, दाढी करताना द्यायचे तशी.

मग अनुजाचं नाव वाचलं. तीनदा. मॅटच्या मागे काही नाही.

गाडीपाशी हजेरी घेतली. अनुजाची एकच ओ, समोरून, तिच्या तोंडून. यांचं नाव खोडून यादी राजेशला दिली. गाडी गेली.

कुलूप लावायला परत आले. आतून यांची, माझ्या नावाने हाक आली — शेवंते. नुसती हाक. रागाची नाही. पुन्हा आली.

वहीत लिहिलंय, हाकेला —

दार लोटलं. मी ओ दिली, आणि ती पुरी व्हायच्या आत मॅटच्या मागून माझ्याच आवाजात ओ आली.