मर्यादित जागा

प्रिय अण्णा,

आज तुमच्या कंपनीत टाकीवर नवा बोर्ड लागलाय. मराठीत. तो वाचला आणि डोकं असं फिरलं, की घरी आल्यावर शिलाई मशीनवरचं ब्लाऊज तसंच टाकून लिहायला बसले. तुला नाही सांगणार तर कुणाला सांगू?

राग येतोय रे. तू गेल्यापासून लोक माझं रडणं बघायला येतात आणि मी त्यांच्यावर खेकसते.

तू कसा गेलास ते मला तुझ्यासोबत कामाला असलेल्या मोईनभाईनं सांगितलं. सांडपाण्याच्या टाकीतला गाळ काढायला बिहारचा सोनू उतरला आणि खालीच कोसळला. तू वरून हाका मारल्यास. मोईनभाई म्हणाला, "तेरे भाई बोले, उसकू चक्कर आया हुईंगा, मैं लेके आतौं. मैं रस्सी लाने भागा. आके देखा तो दोनों नीचे पडे थे, बहन."

दोघंही गेलात. एकमेकांपासून हाताच्या अंतरावर!

दवाखान्याच्या दारात तुमच्या कंपनीचा साहेब भेटला. मी विचारलं, "आत विषारी गॅस असतो, हे माझ्या भावाला कुणी सांगितलं होतं का?"

"बोर्ड इत्तल्ला!" तो म्हणाला. बोर्ड होताच की.

होता, अण्णा. नंतर मी जाऊन बघितला. पाइपाच्या मागं, गंजलेला, वरती इंग्रजी, खाली कन्नड. मी म्हटलं, त्याला हे वाचता येत नव्हतं. तर मलाच उलटं विचारतो, "कर्नाटकात राहता आणि कन्नड येत नाही?"

तुला कन्नड येत नव्हतं? बीदरच्या बाजारात तू भाव करायला लागलास की दुकानदार तुला त्याच्याच गावचा समजायचा! मोईनभाईशी दखनी, झाडू मारणाऱ्या नरसम्माशी तेलुगू, घरी आपली राजेश्वर गावची मराठी. चार भाषा बोलायचास. वाचायचास मात्र एकच. मराठी शाळेत होतास, आणि कन्नड अक्षरं हातात बसायच्या आतच शाळा सुटली. बोलणं आणि वाचणं यातला फरक त्या शिकलेल्या माणसाला कळू नये?

"ट्रेनिंग झालं होतं," असंही म्हणाला. त्याबद्दल मोईनभाईला विचारलं. तो म्हणाला, "पडदे पे एक आदमी अंग्रेजी में बात कर रहा था. एसी की थंडी लगी, सब सो गए."

आणि सगळ्यात जास्त कशाचा राग येतो सांगू? शोकसभेत तुझ्या फोटोला हार घातला आणि साहेब म्हणाला, असा शूर कामगार होणे नाही. माणसांनी माना डोलवल्या. मी उठून ओरडले, "शूर म्हणू नका! शूर तो, ज्याला पुढचं माहीत असतं. माझ्या भावाला तुम्ही अंधारात ठेवलं!" वैनीनं माझा हात ओढून मला खाली बसवलं. 

पण अण्णा, तूसुद्धा! दोरी येईपर्यंत थांबला असतास तर? घरात पोरगी आहे, हे त्या क्षणी आठवलं नाही का रे? मग वाटतं, तुला काय बोलते मी? चक्कर आलेल्या माणसाला उचलायला कुणीही धावतं. तुला ती चक्करच वाटली होती.

त्यानंतर मी आणि वैनी कंपनीच्या गेटवर जात राहिलो. मागणी एकच, सगळ्यांना कळेल असं लिहा. आज साहेबानं आत बोलावलं आणि मोठ्या तोऱ्यात नवा बोर्ड दाखवला. "मर्यादित जागा. प्राधिकृत व्यक्तीखेरीज प्रवेश निषिद्ध. श्वसन संरक्षक उपकरण परिधान अनिवार्य."

वैनी दोनदा वाचून म्हणाली, "सविता, मर्यादित जागा म्हंजे? आत लई माणसं मावत न्हाईत म्हणून लिवलंय व्हय?"

मला हसूही आलं आणि थुंकावंसंही वाटलं. सांगायचं होतं की आत कोंडलेली, जीवघेणी जागा आहे; पण मर्यादित जागा तर शिकवणीच्या जाहिरातीत असतात, लवकर या, प्रवेश घ्या म्हणून!

"मराठीत पाहिजे होतं, मराठीत दिलं," साहेब म्हणाला.

"ही मराठी कुणाच्या घरात बोलतेत?" वैनीनं विचारलं. अण्णा, तुझी ती हळू बोलणारी बायको! "माझा नवरा वाचून थांबला असता का ह्यानं? कामून खेळ करायलाव आमच्या जिवाशी?"

कामगारांनी आसपासची मशीनं बंद केली. मोईनभाई पुढं आला. चांगला बोर्ड लागेपर्यंत टाकीकडं कुणी जाणार नाही, असं त्यानं सांगून टाकलं. शेवटी साहेबाला पेंटर बोलवावा लागला. मी सांगितलं तसं त्यानं लिहिलं: "आत विषारी गॅस आहे. दिसत नाही. दोन श्वासांत माणूस पडतो. कुणी पडलं तर मागोमाग उतरू नको. ओरड. माणसं बोलाव." त्याखाली तेच कन्नड, उर्दू, हिंदी, तेलुगूत.

तेवढ्यात नरसम्मा म्हणाली, "मला कोणतंच वाचाय येत न्हाई. माझं काय?"

 मग पेंटरनं चित्र काढलं, खाली पडलेला माणूस आणि काठावर हात वर करून ओरडणारा दुसरा. मी साहेबाला म्हटलं, आता रोज शिफ्ट सुरू होताना हे तोंडानंही सांगा, ज्याच्या त्याच्या भाषेत. तो म्हणाला, "रोज कुणाला वेळ आहे?"

ठीक आहे. मला आहे.

उद्यापासून शिफ्ट बदलताना मी गेटवर उभी राहणार. मला येतात त्या भाषा मी बोलीन, बाकीच्या मोईनभाई आणि नरसम्मा बोलतील. वॉचमननं हाकललं तर रस्त्यावरून ओरडेन. इथलं झालं की शेजारच्या गेटवर. अण्णा, यापुढं कुणाचा भाऊ अडाणीपणानं मेला असं कुणी म्हणालं, तर त्याला सोडणार नाही. न सांगितल्यानं मेला, असंच म्हणायला लावीन.

जय भीम.

तुझ्यावर आणि तुझ्यासाठी चिडलेली,
सविता