फीबल

जुन्नर,
१२ जून २०२५

प्रिय इंद्रायणी,

आम्ही सगळे खुशाल. तुझ्या चाचीचे गुडघे कुरकुरतात. मी निवृत्त झालो तरी शेजारच्या पोरांचं इंग्रजी तपासत बसतो. फोन केला असता, पण तू मध्येच "असू द्या सर" म्हणाली असतीस आणि मी सुटलो असतो. म्हणून लिहितो.

सोमवारी घोडेगावच्या स्टँडवर तुझे वडील भेटले. हौशीरामभाऊंनी बळेबळे तांदळाची पिशवी हातात दिली. नर्सिंगचे अर्ज पुन्हा निघालेत, महिनाअखेरची मुदत आहे, पण तू भरत नाहीस म्हणाले. "पोरगी म्हणती, सरांनी येवढं इंग्रजीत लिहून दिलं व्हतं, मीच मुलाखतीत वीक पडले."

मी मान हलवली आणि पिशवी घेऊन घरी आलो.

आता ऐक. चार वर्षांपूर्वी त्या शिफारसपत्रात मला लिहायचं होतं की तू दुर्बल घटकातली आहेस. त्याला साधा शब्द वीक. पण तो मी रोज नापास पोरांच्या वह्यांत लाल पेनाने लिहायचो. तुझ्यासाठी जरा भारी शब्द हवा, म्हणून तुला फीबल लिहिलं. घरची परिस्थिती वीक असते, एखाद्याचं गणित वीक असतं. फीबल म्हणजे आजाराने नाहीतर वयाने पार गळून गेलेलं माणूस. डोंगरातून भाताचे भारे वाहणाऱ्या पोरीला मी ते म्हणून ठेवलं. पेशंट उचलायच्या कामाला अशी मुलगी कोण घेईल?

मुलाखतीहून परत आल्यावर तू स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारलंस, "सर, म्याडम म्हणल्या, तुजं सरच लिहितात तू अशक्त हाईस. मी फीबल हाय का?"

मी म्हणालो, शब्द बरोबर आहे, तूच मुलाखतीत वीक पडलीस.

त्याच संध्याकाळी डिक्शनरी उघडली. चूक कळली. आठवड्याने तू दाखला न्यायला आलीस, पाया पडलीस, तरी मी गप्प राहिलो. इतर शिक्षकांसमोर हसं होईल, एवढीच भीती होती. त्यासाठी तुझी चार वर्षं गेली. मला माझी फार लाज वाटते.

सोबत नवं शिफारसपत्र आहे, मराठीत. मागच्या चुकीची कबुलीही त्यात आहे. लावायचं की फाडायचं ते तू ठरव, पण अर्ज भर. आणि हे पत्र वडिलांना मोठ्याने वाचून दाखव. स्टँडवर माझं तोंड उघडलं नाही.

खाली 'सर' लिहायला हात धजत नाही.

अन्सार