आरतीतली गिरकी आणि डावा कान

विश्रांतवाडी, पुणे

तीर्थरूप दादांस,

अनंताचा साष्टांग नमस्कार. (हा नेहमीसारखा कागदावरचा समजू नये. गणपतीच्या तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या मांडवात मी तो आठही अंगांनी घातला आहे. पैकी कपाळ अजून दुखतं.) तुमची आणि वहिनींची प्रकृती चांगली असेल, लोणीला पाऊस बेताचा असेल आणि अंगणातल्या लिंबाला यंदा तरी लिंबं धरली असतील असं समजतो. आमच्याकडे सर्व कुशल आहे. हे वाक्य मी आयुष्यभर सवयीने लिहीत आलो, आज पहिल्यांदा विचार करून लिहितो आहे. हेमाने वहिनींना फोनवर ‘ह्यांना जरा चक्कर आली होती’ एवढंच सांगितलं. ती ‘जरा’ नव्हती, म्हणून हे सविस्तर.

आरती संपताना जागच्या जागी स्वतःभोवती फिरायची आपली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. मी लहानपणापासून फिरतो आहे, कधी तक्रार नाही. यंदा मी फिरलो, थांबलो, पण मांडव थांबेना. समोरून गणपती गेले, मग झांजवाले गेले, मग परत गणपती आले. डाव्या कानात आधी शिट्टी वाजली आणि मग कुणी कापसाचा बोळा कोंबल्यासारखा तो कान बंदच पडला. आधाराला म्हणून हात टाकला, तर हाती लागला आमचे चेअरमन श्यामसुंदर यांचा नवा रेशमी झब्बा. त्यांनी (नाइलाजाने) माझ्याबरोबर अर्धी प्रदक्षिणा केली, झब्ब्याने खिशापाशी माघार घेतली आणि मी देवासमोर पालथा पडलो.

आता पुण्यात माणूस रस्त्यात पडला तर लोक ‘बघून चालता येत नाही का?’ म्हणतील, पण गणपतीसमोर पडला की भक्त. पहिल्या मजल्यावरच्या तुळजाबाई ओरडल्या, “मागं सरा, काकांच्या अंगात आलंय!” कुणीतरी माझ्या कपाळाला कुंकू फासलं. तुळजाबाईंनी पायांवर डोकं ठेवून भाच्याचा प्रश्न घातला, “आमच्या मच्छिंद्रचं लग्न कधी जमायचं, तेवढं सांगा.” मी उत्तरादाखल ओकलो. पंचखाद्य होतं. बाई दोन पावलं मागे सरल्या, श्रद्धा मात्र तसूभर हलली नाही.

हेमाने गर्दी पांगवली आणि मला रिक्षात घातलं. श्यामसुंदर फाटका खिसा धरून ‘गॅस आहे, गॅस’ असं निदान करत फाटकापर्यंत आले. (त्यांच्या मते सोसायटीची लिफ्टसुद्धा गॅसमुळे बंद पडते.) मला मात्र दुसरंच दिसत होतं. दादा, आपले अण्णा असेच पडले होते. पानावरून उठले, पडले, तोंड वाकडं झालं, आणि मग मधल्या खोलीतली ती खाट. आपण दोघं आळीपाळीने त्यांना भरवायचो, आणि भरवताना ते डोळे मिटून घ्यायचे. रिक्षात मी फक्त तेवढ्याचाच विचार करत होतो. बोटं हलतात का बघितलं, हलत होती. तोंड दोन्हीकडून उचलतं का हे तपासायला आरशात बघून हसलो. रिक्षावाल्याला आरशात कपाळभर कुंकू लावलेला माणूस आपल्याकडे बघून पुन्हा पुन्हा हसताना दिसला. त्यानंतर त्याने गाडी ज्या वेगाने हाणली, तो वेग आळंदी रस्त्यावर अशक्य आहे असं मी आजवर मानत होतो.

दवाखान्यात आधी मेंदूचा एमआरआय काढला. बोगद्यात घालून आत हातोडे मारतात तो प्रकार. मी अगदी शांत होतो. रिपोर्ट आल्यावर डॉक्टर म्हणाले, “मेंदू व्यवस्थित आहे.” हेमाने ‘नक्की ना?’ असं दोनदा विचारलं, ते काळजीने की संशयाने हे मी अजून विचारलेलं नाही. मग कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाई आल्या. वयाने आपल्या नातीएवढ्या, पण बोलणं आपल्या आत्याबाईंसारखं, उत्तर येण्याआधीच पुढचा प्रश्न. प्रेशर बघितलं तर ते भलतंच चढलेलं. गोळी चालू आहे का, विचारलं. मी म्हणालो, चालू आहे. हेमा म्हणाली, डबीत चालू आहे.

बाईंनी मग कागदावर गोगलगाय काढली. कानाच्या आत, हाडात, अशी एक गोगलगाय असते म्हणे. तिने ऐकायचं, आणि तिला चिकटलेल्या नळ्यांनी शरीराचा तोल सांभाळायचा. ह्या सगळ्या संसाराला रक्त नेणारी धमनी एकच, तीही अगदी बारीक, आणि ती तुंबली तर दुसरी वाट नाही. दादा, उभी हयात पाणीपुरवठ्यात काढलेल्या माणसाला याहून जास्त काय समजवायचं? मी म्हटलं, “म्हणजे कान हे लाइनच्या शेवटचं घर.” मोठ्या नळाला आतून गंज धरायला लागला की मधल्या घरांना पत्ता नसतो, पहिली ओरड शेवटच्या घरातून येते. बाई म्हणाल्या, अगदी तसंच, आणि हा गंज प्रेशर, साखर, चरबी आणि सिगारेट यांचा असतो. प्रत्येक चक्कर यामुळेच येते असं नाही, इतर कारणंही पुष्कळ आहेत, पण तुमच्या वयाला आणि तुमच्या प्रेशरला पहिला संशय हाच. वेळेवर आलात, आता सगळी लाइन तपासू. म्हणजे कान ओरडला म्हणून मोठ्या नळाकडे लक्ष गेलं. त्याने गप्प राहून सोसलं असतं तर पुढची पाळी हृदयाची किंवा मेंदूची असू शकली असती.

मी बाहेर बाकावर येऊन बसलो. इतकं हलकं मला निवृत्तीच्या दिवशीही वाटलं नव्हतं. ती खाट निदान आज तरी माझ्यासाठी नव्हती. हेमाने कँटीनमधून चहा आणला, तो बिनसाखरेचा आणि कोमट होता आणि मी तो अमृत म्हणून प्यायलो.

औषधांनी डावा कान बराचसा परत आला आहे. गोळी आता डबीतून पोटात जाते, लोणची-पापड कपाटाच्या वरच्या फळीवर गेले आहेत, आणि तोल यावा म्हणून मी रोज सकाळी सोसायटीच्या व्हरांड्यात एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकत चालतो. मी तुळजाबाईंना कान, धमनी, गोगलगाय सगळं समजावलं. त्यांनी मन लावून ऐकलं. पण परवा मच्छिंद्रचं लग्न जमलं. आता माझ्या चालण्याच्या वेळी व्हरांड्यात दोन-तीन बायका हात जोडून उभ्या असतात, आणि त्यातल्या एकीने काल माझ्या रेषेवर फूल ठेवलं. विज्ञानाचं पुढे काय होणार ते दिसतंच आहे.

वहिनींना नमस्कार सांगावा. लिहिण्यात काही अधिकउणं झालं असल्यास धाकट्याला पदरात घ्यावं.

तुमचा,
अनंत

ता. क. : मुद्द्याचं राहिलं. वहिनी हेमाला म्हणाल्या की गेले दोन महिने तुमच्या उजव्या कानात शिट्टी वाजते, कुकर कपाटात असताना तुम्ही गॅस बंद करायला उठता आणि उठताना भिंत धरता. वर ‘वयाचं आहे’ म्हणता. मोठ्या भावाला ‘डॉक्टरकडे चला’ म्हणायची आपल्या घरात रीत नाही, म्हणून वरचं सगळं लिहावं लागलं. त्याच बाईंकडे मंगळवारी सकाळी तुमचं नाव लावलं आहे. रागवायचं असल्यास इथे येऊन रागवावं.

ता. क. २ : भाऊजी, मी हेमा. पाकीट चिकटवायच्या आधी वाचलं. एमआरआयच्या बोगद्यात हे अगदी शांत होते हे खरं आहे, कारण मी यांचा पाय धरून उभी होते. रिक्षात मात्र हसायच्या मधे मधे एकच धोशा होता, ‘दादाला बोलवा, दादाला बोलवा.’ पुढच्या वेळी बोलवायला दादा धडधाकट असायला हवेत. मंगळवारी या. मी फाटकाशी उभी असेन.